कारखान्यातून थेट घ्यावे की डीलरकडून? एका मोटारघराच्या सौद्याचा हिशेब

माल जिथे तयार होतो तिथूनच घ्यावा, मधल्या माणसाचे पैसे वाचतात, हे वाक्य व्यापारी घरात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले असते. ते खोटे नाही, पण पुरतेही खरे नाही. किती खरे आणि कुठे खोटे, हे समजून घेण्यासाठी या वेळी आम्ही जरा दूरचे उदाहरण घेत आहोत. ते अमेरिकेतील मोटारघराच्या खरेदीचे आहे.

हा विषय आमच्याकडे आला तो असा. चिपळूणकडचे आमचे एक स्नेही आहेत. सागवानी फर्निचर बनवण्यात त्यांची हयात गेली. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरी करतो. बायको-मुलांसह देश पाहत फिरावे म्हणून त्याने मोटारघर घ्यायचे ठरवले. सहा वर्षांची बचत त्यात जाणार होती. कर्ज काढायचे नाही, सगळे रोखीने द्यायचे, असा त्याचा निश्चय होता. त्याने फोनवर विचारले, "अब्बा, दोन हजार मैलांवरचा एक छोटा कारखाना थेट विकतो. इथल्या डीलरपेक्षा आठ हजार डॉलरने स्वस्त. काय करू?" अब्बांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "कारखान्यातूनच घे. डीलरचे पोट आपण कशाला भरायचे?" नंतर मात्र त्यांना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाई, मी बोललो ते बरोबर की चूक, जरा नीट बघा."

आम्ही जे पाहिले ते येथे मांडत आहोत. आपल्यापैकी फार थोडे लोक मोटारघर घेतील. पण शिलाई मशीन, यंत्रमाग, रंधा मशीन, बेकरीची भट्टी, टेम्पो किंवा ट्रक आपण सगळेच घेतो, आणि हाच प्रश्न तेव्हाही उभा राहतो.

मोटारघर म्हणजे काय?

मोटारघर म्हणजे ज्यात झोपणे, स्वयंपाक, स्नानगृह आणि संडासाची सोय आहे अशी स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची ती वेगळी. तिला इंजिन नसते. अमेरिकेत हा उद्योग मोठा आहे. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या लहानशा गावी विनेबागो कंपनीने १९६६ साली आपले पहिले मोटारघर बनवले आणि एकाच पद्धतीने भराभर गाड्या बनवून किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आणली. इंडियाना राज्यातील एल्खार्ट हा जिल्हा आज या धंद्याची राजधानी समजला जातो. तेथे आणि आसपास सुतार, वायरमन, नळकाम करणारे, गाद्या शिवणारे असे हजारो कारागीर याच कामावर जगतात.

पुष्कळ छाप्यांची नावे वेगवेगळी दिसली तरी मालक थोडे आहेत. थॉर इंडस्ट्रीज, बर्कशायर हॅथवेने २००५ साली घेतलेली फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबागो या तीन गटांकडे बाजाराचा मोठा हिस्सा आहे. हे तिघेही मुख्यतः डीलरमार्फत विकतात. थेट विकणारे कारखाने बहुधा लहान असतात आणि वर्षाला मोजक्याच गाड्या बनवतात. कॅलिफोर्नियातील मॉन्टक्लेअर येथील लेझी डेझ हा कारखाना कित्येक दशके फक्त थेट विकत असे. गिऱ्हाईक कारखान्यात जाऊन आपली गाडी घेऊन येई.

मोठे कारखाने थेट का विकत नाहीत?

याचे पहिले कारण पैशाचे आहे. कारखान्यात रोज गाड्या तयार होतात. त्या विकल्या जाईपर्यंत कारखान्याने सांभाळायच्या तर भांडवल अडकते. म्हणून डीलर त्या घेतो आणि आपल्या आवारात उभ्या करतो. त्यासाठी तो वित्तसंस्थेकडून उधारी घेतो आणि गाडी उभी असेपर्यंत व्याज भरतो. म्हणजे कारखान्याच्या साठ्याचा बोजा डीलरच्या डोक्यावर असतो. त्याच्या नफ्यातला एक भाग हा या बोजाचा मोबदला आहे.

दुसरे कारण कायद्याचे आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत डीलरांच्या संरक्षणाचे कायदे आहेत. ज्या मोटार कंपनीने डीलर नेमले आहेत तिने नवी गाडी स्वतः गिऱ्हाइकाला विकून आपल्याच डीलरच्या पोटावर पाय देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. टेस्ला कंपनीने डीलर नेमलेच नाहीत आणि थेट विक्री सुरू केली, तेव्हा तिला अनेक राज्यांत न्यायालयात आणि विधिमंडळात झगडावे लागले. मोटारघरांचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. त्यामुळे "हा कारखाना थेट का विकत नाही?" याचे उत्तर दर वेळी लबाडी हे नसते.

तिसरे कारण दुरुस्तीचे आहे. देश अवाढव्य आहे. हजार मैलांवर नळ गळू लागला तर कारखाना काय करणार? जवळचा डीलर ते काम करतो आणि हमीच्या मुदतीत कारखान्याकडून पैसे घेतो.

थेट खरेदीचे खरे फायदे

आता कारखान्याची बाजू पाहू. थेट घेण्यात किंमत कमी पडते, हा एकच फायदा नाही.

पहिला फायदा असा की गाडी आपल्या गरजेप्रमाणे बांधून मिळते. पलंग कुठे, ओटा केवढा, पाण्याची टाकी किती मोठी, हे सांगता येते. डीलरच्या आवारात जे उभे आहे त्यातूनच निवडावे लागते.

दुसरा फायदा म्हणजे माल कसा बनतो ते डोळ्यांनी पाहता येते. भिंतीच्या आत काय आहे, छपराचा सांधा कसा बसवला, वायर कुठून नेली, हे तयार गाडीत दिसत नाही. ज्याने हातात पटाशी धरली आहे त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. रंग दिल्यावर सगळीच लाकडे सारखी दिसतात.

तिसरा फायदा जबाबदारीचा आहे. ज्याने बनवले तोच समोर असल्यामुळे डीलरने कारखान्याकडे आणि कारखान्याने डीलरकडे बोट दाखवण्याचा खेळ चालत नाही.

चौथा फायदा असा की गाडी ताजी मिळते. डीलरच्या आवारात उन्हापावसात दीड-दोन वर्षे उभी राहिलेली गाडी "नवी" म्हणूनच विकली जाते, पण तिचे टायर, बॅटरी आणि रबराचे सांधे त्या काळात जुने होत असतात. शिवाय शेवटच्या टेबलावर गळ्यात मारली जाणारी वाढीव हमी, रंगसंरक्षण वगैरे जादा बिलेही टळतात.

आणि सेवेची कदर किती असते याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. अलाबामा राज्यात रेड बे नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १९७२ साली टिफिन कंपनीचा मोटारघरांचा कारखाना निघाला. ही कंपनी विकते डीलरमार्फत, पण कारखान्याजवळच तिचे दुरुस्ती केंद्र आहे. डीलरकडून गाडी घेतलेले मालक शेकडो मैल चालवत तेथे येतात, आपल्या गाडीतच मुक्काम करतात आणि नंबर लागेपर्यंत वाट पाहतात. बनवणाऱ्याच्या हातची दुरुस्ती लोकांना किती मोलाची वाटते, हे यावरून कळते.

डीलरच्या नफ्यात काय काय असते?

आता दुसरी बाजू. डीलरकडे चार कंपन्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. आत जाऊन, पलंगावर आडवे होऊन, न्हाणीघरात उभे राहून तुलना करता येते. तो जुनी गाडी बदल्यात घेतो. अनेक राज्यांत बदल्याची रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवरच विक्रीकर लागतो. कॅलिफोर्नियात मात्र तशी सवलत नाही. गाडी ताब्यात देण्यापूर्वी तिची तपासणी करणे हे त्याचेच काम असते. नव्या मोटारघरात किरकोळ दोष हमखास निघतात. चालत्या घरात सगळे सांधे रस्त्याच्या हादऱ्यांनी हलतात. ते दोष घराजवळ निघाले आणि घराजवळच मिटले, तर त्याची किंमत पैशात मोजता येते.

किमतीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. छापील किंमत ही तेथे फक्त बोलणीची सुरुवात असते. वीस टक्के किंवा त्याहून जास्त सूट मिळणे तेथे नवल मानत नाहीत. म्हणून कारखान्याच्या भावाची तुलना डीलरच्या छापील किमतीशी करणे ही पहिली चूक होय. तुलना करायची ती डीलरच्या शेवटच्या भावाशी.

हा शेवटचा भाव कधी उतरतो? जी गाडी जास्त दिवस उभी आहे, जिच्यावर व्याज चढते आहे आणि पुढच्या वर्षीचे मॉडेल दारात आले आहे, तेव्हा. शिवाय बाजार मंद असताना. करोनाच्या काळात लोक घराबाहेर पडायला सुरक्षित साधन शोधू लागले आणि २०२१ साली अमेरिकेत मोटारघरे व ओढण्याच्या गाड्या मिळून सहा लाखांहून अधिक वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. दोनच वर्षांनी, २०२३ साली, हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. पहिल्या काळात डीलर एक डॉलर सोडायला तयार नव्हता. दुसऱ्या काळात तोच गिऱ्हाइकाच्या मागे धावत होता.

रोख पैसे देणाऱ्याला जास्त सूट मिळते, हा आपल्याकडचा समज तेथे नेहमी खरा ठरत नाही. गिऱ्हाइकाला कर्ज मिळवून दिल्याबद्दल डीलरला कर्ज देणाऱ्या संस्थेकडून मोबदला मिळतो. म्हणून "मी रोख देणार" हे पहिल्याच वाक्यात सांगू नये. आधी भाव ठरवावा, मग पैसे कसे देणार ते सांगावे. यात खोटे बोलणे नाही, फक्त बोलण्याचा क्रम आहे.

आठ हजारांचा हिशेब

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही आणि आमच्या स्नेह्यांनी कागद घेऊन आकडे मांडले. हे अंदाजाचे आकडे आहेत, पण पद्धत कोणत्याही खरेदीला लागू पडेल.

समजा, डीलरचा शेवटचा भाव १,२०,००० डॉलर आहे आणि कारखान्याचा १,१२,०००. म्हणजे बचत ८,००० डॉलर. गाडी इंडियानाच्या बाजूला आणि घर लॉस एंजेलिसकडे असेल तर अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर. विमानाने जाणे, तीन-चार दिवस राहणे, यात १,२०० डॉलर गेले असे धरू. मोटारघर पेट्रोल फार पिते. एका लिटरला चार किलोमीटरच्या आतबाहेर. ३,४०० किलोमीटर चालवत आणायला साधारण ९०० डॉलरचे पेट्रोल. म्हणजे २,१०० डॉलर वाटेतच गेले आणि बचत उरली ५,९००.

आता हमीच्या वर्षात एकदा कारखान्यात न्यावे लागले असे समजा. जाऊन-येऊन पेट्रोल १,८००, वाटेचा आणि मुक्कामाचा खर्च ७००, दहा दिवसांची बुडालेली मजुरी २,५००. एकूण ५,०००. बचत उरली ९००. दुसऱ्यांदा न्यावे लागले की आठ हजारांची बचत संपून वर चार हजारांचा तोटा.

हाच कारखाना घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असता तर? जवळजवळ संपूर्ण आठ हजार खिशात राहिले असते आणि शिवाय बनवणाऱ्याच्या हातची दुरुस्तीही मिळाली असती. म्हणून थेट खरेदीतला पहिला प्रश्न "किती स्वस्त?" हा नसून "किती दूर?" हा आहे.

कराचे काय? दुसऱ्या राज्यात घेतल्याने कर वाचेल असे काहींना वाटते. गाडी कॅलिफोर्नियात आणून नोंदवली की तेथील कर भरावाच लागतो. माँटाना राज्यात विक्रीकर नाही म्हणून तेथे कागदोपत्री कंपनी काढून तिच्या नावे गाडी घेण्याची युक्ती काही लोक करतात. ज्या राज्यात गाडी प्रत्यक्ष राहते तेथील कर अधिकारी अशांना गाठतात आणि मग कर अधिक दंड भरावा लागतो. असल्या बचतीचा हिशेबात विचारच करू नये.

हमी एक नसते, अनेक असतात

ही गोष्ट बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. मोटारघर बनवणारा कारखाना इंजिन आणि चाके बनवत नाही. तो फोर्डसारख्या कंपनीकडून चासी घेतो आणि तिच्यावर घर बांधतो. फ्रीज एका कंपनीचा, जनरेटर दुसरीचा, वातानुकूल यंत्र तिसरीचे. प्रत्येकाचे हमीपत्र वेगळे. इंजिन बिघडले तर फोर्डच्या ट्रक दुरुस्ती केंद्रात जायचे, आणि ते देशभर आहेत. मग गाडी थेट घेतलेली असो की डीलरकडून. जनरेटर बिघडला तर त्या कंपनीच्या केंद्रात. कारखान्याची स्वतःची हमी फक्त घराच्या भागाची आणि बहुधा एका वर्षाची असते.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, थेट घेणारा पूर्णपणे निराधार नसतो. अर्ध्या गाडीची सेवा त्याला गावातच मिळते. दोन, उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे छप्पर, भिंती, खिडक्या आणि नळ यांच्यासाठी, त्याला कारखान्याचाच आधार असतो. स्थानिक डीलर पुष्कळदा "आमच्याकडून घेतली नाही" म्हणून परकी गाडी घेत नाही किंवा रांगेत शेवटी उभी करतो. म्हणून थेट घेण्यापूर्वी कारखान्याला लेखी विचारावे की माझ्या गावातल्या एखाद्या दुरुस्तीवाल्याकडून हमीचे काम करून घेतले तर तुम्ही त्याचे बिल द्याल काय? जो कारखाना "हो" असे लिहून देतो त्याच्याकडून दुरूनही घेता येते.

कायद्याचा आधार आहे, पण त्यातही फट आहे. अमेरिकेत हमीविषयीचा मॅग्नुसन-मॉस कायदा १९७५ सालचा आहे. वारंवार बिघडणारी नवी मोटार परत घ्यायला लावणारे कायदे १९८२ सालापासून राज्याराज्यांत झाले. मात्र पुष्कळ राज्यांत हे कायदे मोटारघराच्या फक्त चालण्याच्या भागाला लागू होतात, राहण्याच्या भागाला नाही. म्हणजे इंजिनाची दाद लागेल, गळक्या छपराची लागेलच असे नाही.

आगाऊ रकमेचा धोका

मुलगा रोखीने घेणार होता आणि कारखाना ऑर्डरप्रमाणे बांधणार होता. म्हणजे आगाऊ रक्कम आधी, गाडी चार-सहा महिन्यांनी. मधल्या काळात कारखाना बुडाला तर? ही नुसती शंका नाही. मार्च २००९ मध्ये, मंदीच्या तडाख्यात, ओरेगॉनमधील मोनॅको कोच आणि कॅलिफोर्नियातील फ्लीटवूड या दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच आठवड्याच्या अंतराने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठ्यांचे हे होते तर लहानांचे काय? दिवाळखोरीत आधी बँकांची देणी भागतात. आगाऊ रक्कम देणारा गिऱ्हाईक रांगेत मागे उभा असतो. आणि बुडालेल्या कारखान्याची मालमत्ता जो विकत घेतो तो जुन्या हमीपत्रांची जबाबदारी घेतोच असे नाही. म्हणून आगाऊ रक्कम थोडी असावी, कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावी आणि शेवटचा मोठा हप्ता गाडी तपासल्यावरच द्यावा.

आमचा स्वतःचा अनुभव

हे सारे लिहिताना आम्हाला आमचीच चूक आठवत होती. काही वर्षांपूर्वी छापखान्यासाठी आम्ही कागद कापण्याचे कटिंग मशीन परराज्यातील एका कारखान्यातून थेट आणले. गावातल्या विक्रेत्यापेक्षा ते चांगलेच स्वस्त पडले आणि आम्ही आठ दिवस सगळ्यांना ते सांगत फिरलो. पुढे लग्नसराईत, पत्रिकांचे काम ऐन भरात असताना, क्लच गेला. कारखाना म्हणाला, माणूस पाठवतो. जाण्यायेण्याचे भाडे आणि मुक्काम तुमचा. माणूस एकोणीस दिवसांनी आला. तोवर आम्ही गावातल्या विक्रेत्याकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि नम्रपणे सांगितले, "भाई, आमची गिऱ्हाइके आधी." त्यांची चूक नव्हती. कारखान्यानेही आम्हाला फसवले नव्हते. सेवेबद्दल आम्ही विचारलेच नव्हते आणि त्यांनी लिहिलेच नव्हते. वाचवलेल्या पैशांपेक्षा त्या एकोणीस दिवसांत दुसऱ्या छापखान्यात गेलेले काम जास्त होते, आणि त्यातली काही गिऱ्हाइके परत आलीच नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न कसा येतो?

आपल्याकडे ट्रक घेणारा पुष्कळदा दोन्ही पद्धती एकाच वेळी वापरतो. चासी कंपनीच्या डीलरकडून घ्यायची आणि बॉडी आपल्या ओळखीच्या कारखान्यात बांधायची. बॉडीपुरती ती थेट खरेदीच असते. या बॉडी बांधणीच्या, वेल्डिंगच्या आणि सीट शिवण्याच्या कामात आपले पुष्कळ कारागीर आहेत. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणल्यापासून आपल्याकडेही चाकांवरच्या घरांची मागणी होऊ लागली आहे, आणि तयार गाडीत पलंग-ओटा बसवून द्या असे काम अशा कारखान्यांकडे येऊ शकते.

येथे कारागीर बांधवांनी सावध राहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ज्याने नोंदणीतील मूळ तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितले आहे. मोटार कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि त्याप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. काम घेण्यापूर्वी आरटीओत विचारावे. गिऱ्हाईक "काही होत नाही" म्हणते, पण गाडी अडकल्यावर तेच आपल्या दारात येते.

दूरच्या कारखान्याकडून घेणाऱ्यासाठी आपल्या कायद्यात एक सोय आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. कारखान्याच्या गावी जावे लागत नाही. मात्र व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले यंत्र याला अपवाद आहे. म्हणून बिल पक्के घ्यावे आणि यंत्र कशासाठी घेतले हे कागदावर असावे.

आणखी एक सूचना. "फॅक्टरी भाव", "डायरेक्ट फॅक्टरी" असे फलक आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात, आणि अमेरिकेतही दिसतात. फलक कोणीही लावतो. बिलावर नाव कोणाचे आणि हमीपत्रावर सही कोणाची, एवढे पाहिले की थेट कोण आणि मधला कोण हे कळते.

खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

१. डीलरचा शेवटचा भाव आणि कारखान्याचा भाव यांत, वाहतूक व प्रवास धरून, खरा फरक किती?
२. बिघाड झाल्यास कोण येणार, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने? हे लेखी आहे काय?
३. सुटे भाग गावात मिळतात की मागवावे लागतात?
४. काम बंद पडले तर आपले एका दिवसाचे नुकसान किती?
५. आगाऊ रक्कम किती आणि कारखाना बुडाल्यास ती कोठे अडकेल?
६. पुढे विकायचे झाल्यास या छाप्याला आपल्या भागात गिऱ्हाईक आहे काय?

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरे समाधानकारक असतील तर कारखान्यातून खुशाल घ्यावे. नसतील तर डीलरला दिलेला जादा पैसा वाया गेला असे समजू नये.

आमच्या स्नेह्यांच्या मुलाने शेवटी घरापासून तासाभरावरच्या डीलरकडून गाडी घेतली. आदल्या वर्षीचे मॉडेल होते आणि बरेच दिवस उभे होते, त्यामुळे भाव उतरला. पैसे देण्यापूर्वी त्याने स्वतःच्या खर्चाने एक स्वतंत्र तपासनीस बोलावला. त्याला ओट्याखाली नळाची दोन गळती सापडली. डीलरने ती दुरुस्त करून दिली, मगच मुलाने रक्कम दिली.

अब्बांनी मात्र वेगळाच धडा घेतला. त्यांच्याकडे फर्निचर घ्यायला लोक मुंबई-पुण्याहून थेट कारखान्यात येतात, कारण दुकानापेक्षा स्वस्त पडते. ते आम्हाला म्हणाले, "भाई, हिशेब करताना मला माझीच गिऱ्हाइके दिसायला लागली. पुण्यात कोणाचे कपाट वाकडे झाले तर तो काय करत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता." आता ते प्रत्येक बिलासोबत एक कागद देतात. वर्षभरात सांधा सुटला किंवा दार लोंबले तर किती दिवसांत माणूस येईल आणि भाडे कोण देईल, हे त्यावर लिहिलेले असते. पुण्यातल्या एका सुतारालाही त्यांनी त्यासाठी ठरवून ठेवले आहे. त्याला द्यावे लागणारे पैसे धरून त्यांनी किंमत थोडी वाढवली. आम्ही विचारले, गिऱ्हाइके कमी झाली काय? ते म्हणाले, "नाही. उलट आता कागद दाखवून नवी येतात."